बोटीचं इंजिन सतत घाट चढत असतं

उन्हाळा लागला. आपल्या बे एरियातल्या घरांमध्ये आता दर शनिवारी एकच चर्चा: डेल्टाला जायचं की लेक टाहोला? आपल्यातल्या काही कुटुंबांनी आणि काही मित्रमंडळींनी भागीत जुन्या वेगवान बोटी घेतल्या आहेत. मागे मोठं व्ही-एट इंजिन, त्यावर चार नळ्यांचा कार्बोरेटर, आणि आवाज असा की लांबून कळावं कोण आलं. आजचं बोलणं अशा बोटीच्या कार्बोरेटरबद्दल आहे. तुम्ही स्वतः पाना हातात घेणार नसलात तरी ऐका, कारण त्या बोटीत बसणार तुमचीच मुलं आहेत.

कार्बोरेटर आपल्या लोकांना नवा नाही. तुमच्यापैकी पस्तिशी-चाळिशीच्या पुढचे सगळे बजाजच्या स्कूटरवर नाहीतर येझदी, बुलेटवर वाढलेत. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कान लावून, एका स्क्रू ड्रायव्हरनं मिक्श्चर आणि स्लो स्पीड लावून द्यायचा. एप्रिल २०२० मध्ये भारतात बीएस-सिक्सचा नियम आला आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पण इथल्या जुन्या बोटींत तो अजून आहे. आणि घरातला माणूस म्हणतो, "अहो, यात काय विशेष? मी स्कूटरचा कितीदा लावलाय!"

विशेष आहे, आणि ते एका वाक्यात सांगतो. गाडीचं इंजिन अधूनमधून घाट चढतं. बोटीचं इंजिन सतत घाट चढत असतं.

खंबाटकीचा घाट आठवा. गाडीत सहा माणसं, टपावर सामान, दुसरा गिअर, पाय दाबलेला. इंजिनाची खरी परीक्षा तिथे. घाट संपला की गाडी सुटते, पाय हलका होतो, इंजिनाला श्वास मिळतो. बोटीला उतारही नाही आणि गिअर बदलणंही नाही. पंखा पाणी कापत राहतो आणि पाणी त्याला मागे ढकलत राहतं. ताशी ५० मैलांनी जाणारी बोट थ्रॉटल सोडताच काही सेकंदांत खाली बसते. पाणी इतकं ओढतं. म्हणून कार्बोरेटरमधली जी चूक गाडीत वर्षभर खपून जाते, ती बोटीत एका दुपारी पिस्टन वितळवू शकते.

आता मिश्रणाचं गणित. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. पण जोर लावताना इंजिनाला याहून जास्त पेट्रोल हवं असतं, साधारण १२.५ ते १३ भाग हवेला एक भाग पेट्रोल. हे जादाचं पेट्रोल वाया जात नाही. त्याची वाफ होताना ते आतली उष्णता ओढून घेतं, पिस्टनचा माथा थंड ठेवतं. पेट्रोल कमी पडलं, म्हणजे मिश्रण पातळ झालं, की उष्णता वाढते, इंजिन आतून ठोकायला लागतं, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन आधी मऊ होतो, मग भोक पडतं. वाईट गोष्ट ही की पातळ मिश्रणावर इंजिन काही काळ छान, तरतरीत चालल्यासारखं वाटतं. म्हणून बोटीसाठी नियम असा: थोडं जास्त पाजलेलं चालेल, उपाशी ठेवलेलं चालणार नाही.

पण "थोडं" म्हणजे थोडंच. खूप पेट्रोल गेलं तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलात उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही दुरुस्त करायलाच हवं.

आता कामाला कुठून सुरुवात करायची? कार्बोरेटरपासून नाही. आधी स्पार्क प्लग, वायर, टायमिंग, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलचा फिल्टर बघा. कार्बोरेटरच्या नावानं ओरडा होतो त्यातली बरीच दुखणी टायमिंगची नाहीतर फिल्टरमधल्या पाण्याची असतात. टायमिंग चुकलेलं असताना जेट बदलत बसलात तर दोन चुका एकमेकींना झाकतात, आणि मग कुठलीच सापडत नाही.

हे ठीक असेल तर क्रमानं जा. मी होलीच्या चार नळ्यांच्या कार्बोरेटरचा दाखला देतो, कारण अशा बोटींवर तो खूप दिसतो.

पहिलं, फ्लोटची पातळी. पंपाचा दाब साधारण ५ ते ७ पाउंड असावा. बाजूच्या वाटीला एक बघायचं छिद्र असतं. पेट्रोल त्या छिद्राच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेलं असावं. बोट ट्रेलरवर नाक वर करून उभी असेल तर हे माप खोटं येतं, म्हणून इंजिन आधी सपाटीला आणा. या छिद्रावर पारदर्शक बूच बसवून घ्या, म्हणजे ते उघडावं लागत नाही. उघड्या छिद्रातून गरम इंजिनावर पेट्रोल सांडणं परवडणारं नाही.

दुसरं, आयडल, म्हणजे आपला स्लो स्पीड. मिश्रणाचे स्क्रू हलक्या हातानं आत बसवा, मग दीड फेरा बाहेर. इंजिन गरम करा, व्हॅक्युमचा मीटर लावा आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत काटा सगळ्यात वर कुठे जातो ते पाहा. सगळे स्क्रू सारखेच फिरवायचे. इथे बोटीची खास गोष्ट येते: शेवटचं माप गिअरमध्ये घ्यायचं. न्यूट्रलमध्ये गुणी बाळासारखं चालणारं इंजिन गिअर टाकल्यावर धक्क्याजवळच बंद पडतं, आणि नेमका तेव्हाच वारा तुम्हाला शेजारच्या बोटीवर नेतो. म्हणून बोट पाण्यात, चांगली बांधलेली, एक माणूस सुकाणूवर, आणि मागे पाण्यात कोणीही नाही, अशा वेळी हे काम करा.

तिसरं, ॲक्सिलरेटर पंप. एकदम रेस दिली की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे राहतं. ती फट भरायला हा छोटा पंप पिचकारी मारतो. रेस देताच इंजिन अडखळत असेल तर इथे बघा. बंद थ्रॉटलला पंपाच्या दांड्यात अजिबात ढिलाई नको, आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर दांड्याला अजून ०.०१५ इंच जागा उरायला हवी. मागे कोणी स्कीवर उभं राहणार असेल तर ही अडखळ त्याला पहिल्यांदा कळते.

चौथी पॉवर व्हॉल्व्ह. इंजिन निवांत असतं तेव्हा आत व्हॅक्युम जास्त असतो आणि ही झडप बंद राहते. ओझं पडलं, व्हॅक्युम घसरला, की झडप उघडून जादा पेट्रोल सोडते. तिच्यावर ६५ असं लिहिलेलं असेल तर ती पाऱ्याच्या ६.५ इंचांना उघडते. तेज कॅमच्या इंजिनात आयडललाच व्हॅक्युम कमी असतो, म्हणून तिथे गिअरमधल्या आयडल व्हॅक्युमच्या साधारण निम्म्या आकड्याची झडप घेण्याचा प्रघात आहे. गिअरमध्ये ९ इंच दिसत असेल तर ४.५ ची. पण तिथेच थांबू नका. बोट ज्या वेगात तासभर चालणार आहे, त्या वेगात मीटर बघा. ओझं आहे आणि झडप अजून उघडलेली नाही, असं झालं तर इंजिन तासभर उपाशी धावतं.

पाचवा आणि शेवटचा, मुख्य जेट. हे फक्त पाण्यावर, खऱ्या ओझ्याखाली ठरतं. ड्राइव्हवेत पाण्याचा होज लावून जेट ठरवणं म्हणजे सपाट रस्त्यावर घाटाची परीक्षा घेणं. होजवर आयडल लावा, त्याहून जास्त रेस देऊ नका.

मग कळायचं कसं? गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. बोटीच्या धुरात मात्र थंड करायला पाणी मिसळतात, आणि ते पाणी सेन्सरला मारतं; तो पाणी मिसळण्याच्या आधीच्या भागात खास बसवावा लागतो. म्हणून जुनी पद्धत अजून चालते: प्लग वाचणं. नवे प्लग लावा, मोकळ्या पाण्यात काही वेळ पूर्ण जोरात चालवा, मग इंजिन आयडलला रेंगाळू न देता बंद करा आणि प्लग काढून भिंगातून बघा. आतली पांढरी चिनीमाती अगदी मुळाशी कशी दिसते ते पाहायचं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. फिकट तपकिरी कडं असेल तर ठीक. एकदम पांढरा, फोड आल्यासारखा, किंवा त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर काम थांबवा. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत. आठही प्लग बघा, कारण सगळ्या सिलिंडरना पेट्रोल सारखं पोचत नाही, आणि जो सगळ्यात उपाशी त्याच्यासाठी जेट ठरवायचा. एका वेळी एकच बदल, दोन नंबरांनी, आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद. हे काम दोन मोठ्या माणसांचं आहे. त्या दिवशी मुलं किनाऱ्यावर.

आता आपल्या भागाची गोष्ट. डेल्टा समुद्रसपाटीला आहे. लेक टाहो साधारण ६,२०० फुटांवर. दर हजार फुटांना हवा साधारण ३ टक्के विरळ होते. म्हणजे डेल्टाला नीट लावलेली बोट टाहोला नेली की हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच. बोट जड चालते, काळा धूर टाकते, प्लग काळे होतात. होलीचा ठोकताळा असा की दर २,००० फुटांना जेट एक नंबरानं लहान करायचा. टाहोसाठी साधारण तीन नंबर लहान. इंजिनाची ताकदही तेवढीच घटते, म्हणून कमी पिचचा प्रॉप लावावा लागतो, नाहीतर इंजिन चढावर टॉप गिअरमध्ये अडकल्यासारखं कण्हत राहतं.

पण धोका वर जाण्यात नाही, खाली येण्यात आहे. टाहोला लहान जेट लावले, सुट्टी मजेत गेली, बोट घरी आली. पुढच्या शनिवारी तीच बोट डेल्टाला. तिथली हवा दाट, जेट लहान, आणि आपण पूर्ण थ्रॉटल देतो. तेव्हा पिस्टन जातो. म्हणून एक साधी सवय लावून घ्या: आत्ता कुठले जेट आणि कुठला प्रॉप लावलाय, ते पुठ्ठ्यावर लिहून किल्लीलाच बांधा. भागीतली बोट असेल तर हे दुप्पट गरजेचं, कारण जेट बदलणारा एक आणि किल्ली फिरवणारा दुसरा.

अजून दोन गोष्टी मिश्रण पातळ करतात. एक, थंड सकाळ. थंड हवा दाट असते. दुपारच्या उन्हात नेमके लावलेले जेट पहाटे कमी पडू शकतात. दुसरी, इथेनॉल. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. त्याला जळायला १४.७ ऐवजी साधारण १४.१ भाग हवा पुरते, म्हणजे साध्या पेट्रोलसाठी लावलेला जुना कार्बोरेटर आपोआप ४ टक्के पातळ होतो. १५ टक्केवालं पेट्रोल बोटींसाठी वापरायला पर्यावरण खात्याची बंदीच आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. हिवाळाभर उभ्या बोटीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि वसंतात पहिल्या दिवशी इंजिन तेच पितं.

इथवर इंजिनाचं झालं. आता माणसांचं, आणि हे नीट ऐका.

वेगवान बोटीचा कार्बोरेटर बदलायची वेळ आली की दुकानात दोन डबे दिसतात. एकावर "मरीन" लिहिलेलं, दुसरा गाडीचा, स्वस्त. आकार तोच, भोकं तीच, बसतोही तसाच. आणि आपली काटकसर म्हणते, फरक फक्त शिक्क्याचा आहे.

फरक शिक्क्याचा नाही. गाडीचं इंजिन खालून उघडं असतं. पेट्रोल गळलं तर रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्यानं उडून जाते. बोटीचं इंजिन बंद पेटीत असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळघरात, साचून राहते. मग स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

म्हणून मरीन कार्बोरेटरच्या वाटीवरच्या हवेच्या नळ्या छत्रीच्या मुठीसारख्या वाकवून तोंड आत केलेलं असतं. फ्लोट अडकून पेट्रोल वर आलं तरी ते इंजिनाच्या घशात जातं, इंजिन गुदमरून बंद पडतं, पण बाहेर सांडत नाही. थ्रॉटलच्या दांड्यालाही खाचा असतात, तिथलं पेट्रोल आतच ओढलं जावं म्हणून. अमेरिकेचा कोस्ट गार्डचा नियम असा आहे: फ्लोटची झडप उघडी राहिली, थ्रॉटल अर्धा उघडा आहे आणि इंजिन सुरू न होता स्टार्टरवर फिरतंय, तरी ३० सेकंदांत ५ घन सेंटिमीटरहून जास्त पेट्रोल गळता कामा नये. म्हणजे चहाचा एक चमचा. गाडीचा कार्बोरेटर या परीक्षेसाठी बनवलेलाच नसतो.

कार्बोरेटरच्या डोक्यावरची जाळीदार टोपी म्हणजे फ्लेम अरेस्टर. इंजिन उलटं फुटलं, म्हणजे बॅकफायर झालं, तर ज्वाळा त्या जाळीत विझते. २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या बोटीच्या आतल्या पेट्रोल इंजिनांना ही जाळी कायद्यानं बंधनकारक आहे. आउटबोर्ड मोटर तेवढी वगळलेली. चकचकीत गाडीचा एअर क्लीनर तिची जागा घेऊ शकत नाही. आणि ट्यूनिंग करतानाच बॅकफायर जास्त होतं, म्हणून "जरा बघतो" म्हणून ती काढून इंजिन सुरू करू नका. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, हेही बोटीचेच हवेत. ठिणगी बाहेर येऊ नये अशी त्यांची बांधणी असते.

दर वेळी सुरू करण्याआधी इंजिनाचं झाकण उघडून वास घ्या, ब्लोअर चार मिनिटं चालवा, मगच किल्ली. चार मिनिटं म्हणजे मुलांची लाइफ जॅकेटं घालून होतात तेवढा वेळ. तेव्हाच घाला.

आणि शेवटचं, कार्बन मोनॉक्साइड. आपण मघाशी म्हटलं, बोटीला थोडं जास्त पेट्रोल लागतं. त्याची किंमत ही की धुरात हा वायू जास्त असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोट आयडलला उभी असताना तो मागच्या फळीभोवती पाण्यालगत साचतो, आणि मुलांना बसायला नेमकी तीच जागा आवडते. २००५ पासून कॅलिफोर्नियात चालत्या बोटीच्या मागच्या फळीला धरून पाण्यात लोंबकळणं कायद्यानं बंद आहे. आपण घरचा नियम त्याहून कडक करू या: इंजिन चालू तर मागच्या फळीवर कोणी नाही. उन्हानं डोकं दुखतंय, मळमळतंय असं मूल म्हणालं, तर आधी इंजिन बंद करा, त्याला मोकळ्या हवेत न्या, आणि उशीर न करता मदत मागवा.

मंडळी, बोट विकत घेताना विकणारा तुम्हाला आवाज ऐकवेल, वेग दाखवेल. तुम्ही झाकण उघडायला सांगा. वाकलेल्या नळ्या आहेत का बघा. जाळी आहे का बघा. प्लग काढून दाखवायला सांगा. जो माणूस आनंदानं दाखवतो त्याच्याशी पुढचं बोला. आणि ज्यांच्याकडे बोट आधीच आहे, त्यांनी या शनिवारी निघण्यापूर्वी हेच आपल्याच बोटीत करावं. दहा मिनिटांचं काम आहे.

उन्हाळा आनंदात जावो. नमस्कार.